‘ण’ बाणाचा

व्हॉट्सअ‍ॅपमुळे हल्ली एक गंमत झाली आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी सुटलेले वर्ग पुन्हा भरायला लागले आहेत! कुणीतरी ग्रुप काढतो, एकेकाचा नंबर शोधतो, एखादं मंगल कार्यालय ठरतं आणि आम्हा जुन्या शिक्षकांना शाल-श्रीफळ घ्यायला बोलावणं येतं. गेल्या मे महिन्यात मला असंच एक बोलावणं आलं. मार्च १९८९ ला दहावी झालेली तुकडी, दौंड तालुक्यातल्या भीमाकाठच्या एका शाळेतली. मी आता शिरूरला असतो. एक माजी विद्यार्थी स्वतः गाडी घेऊन न्यायला आला. न्हावऱ्यावरून चौफुल्याला पोचेपर्यंत त्यानं मला मागच्या पस्तीस वर्षांतली सगळी लग्नं, जमिनीचे व्यवहार आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका सांगून टाकल्या.

कार्यक्रम छान झाला. जेवणात मासवडी होती. पोरांची डोकी पांढरी झालेली, काहींची गुळगुळीत. पोरी आज्या झालेल्या. आणि मग नेहमीप्रमाणे शिक्षकांच्या नकला सुरू झाल्या. गणिताचे सर चष्मा कसा वर ढकलायचे, पी.टी.चे सर शिट्टी कशी वाजवायचे, बाई ‘शांत बसा’ म्हणताना स्वतः केवढ्या ओरडायच्या... शेवटी माझी पाळी आली. नक्कल करणारा उठला, धोतराचा नसलेला सोगा सावरल्यासारखं केलं (मी आयुष्यात धोतर नेसलो नाही, पण असो!), पुस्तक हातात धरलं आणि माझ्या आवाजात म्हणाला, ‘‘तुमच्या गावाला पाणी नाही हे ऐकलं होतं, ‘ण’ पण नाही होय रे?’’

सगळं कार्यालय हसलं. मीही हसलो. खरं सांगतो, पोट धरून हसलो. आवाज अगदी हुबेहूब होता.

मग हसता हसता मला ते वाक्य मी कुणाला म्हणालो होतो ते आठवलं.

ते सांगतोच. पण त्याआधी थोडं वर्गातल्या हसण्याविषयी सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल, म्हातारा आता हसण्याच्या विरुद्ध प्रवचन झोडणार. तसं नाही. मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं, १९७४ ते २००८. निम्मी नोकरी शिरूर तालुक्यात, निम्मी दौंड तालुक्यात, मधे भीमा नदी. त्या चौतीस वर्षांत माझा असा एकही दिवस गेला नसेल की ज्या दिवशी वर्ग एकदाही हसला नाही. व्याकरण हे हसल्याशिवाय घशाखाली उतरतच नाही, हे माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे.

काही नमुने देतो. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. समास शिकवताना मी फळ्यावर ‘घोडनदी’ लिहिलं आणि म्हटलं, विग्रह करा. मागच्या बाकावरचा एक उभा राहिला. ‘‘घोड्यासारखी नदी, सर.’’ मी विचारलं, ‘‘घोड्यासारखी कशी काय?’’ तर म्हणाला, ‘‘पावसाळ्यात उधळते आणि उन्हाळ्यात उभ्या उभ्या झोपते.’’ आता याला चूक कसं देणार? कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात नसेल, पण एप्रिल महिन्यात घोड नदीच्या पुलावर उभं राहून बघा म्हणजे पटेल.

दुसरा नमुना दौंडचा. दौंड हे जंक्शन. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली की तिचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडत, आणि मग गाडी आल्या दिशेलाच निघाल्यासारखी निघे. नवख्या प्रवाशाला वाटायचं, चाललो परत पुण्याला! आता बाहेरून वळण देणारा मार्ग झाला, त्यामुळे तो खटाटोप बराच कमी झाला आहे. तर परीक्षेत मी वाक्प्रचार दिला होता, ‘तोंड फिरवणे’. रेल्वेतल्या एका फिटरच्या मुलानं वाक्य केलं, ‘पुण्याहून निघालेली गाडी दौंडला आली की तोंड फिरवते.’ मी दोन पैकी दोन गुण दिले आणि उत्तरपत्रिका शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवली.

सगळ्यात चविष्ट नमुना मात्र रजेच्या अर्जाचा. नववीतल्या एकानं लिहिलं होतं, ‘आमची म्हैस व्याली असल्यामुळे मी दोन दिवस शाळेत येऊ शकत नाही, तरी रजा मंजूर व्हावी. आपला आज्ञाधारक...’ मी वर्गात म्हटलं, ‘‘म्हैस व्याली याला पुरावा काय?’’ वर्ग हसला. तिसऱ्या दिवशी तो आला तो पितळी डबा घेऊनच. डब्यात खरवस! मधल्या सुट्टीत आम्ही आठ शिक्षकांनी मिळून तो पुरावा तपासला आणि एकमतानं ग्राह्य धरला.

अशा गोष्टींवाचून शाळा म्हणजे नुसत्या भिंती. (आणखी एक गोष्ट सगळे सांगतात. साहेब तपासणीला येतात, ‘शिवधनुष्य कुणी मोडलं?’ असं विचारतात आणि मुलगा म्हणतो, ‘आईशपथ, मी नाही मोडलं!’ मी आजवर निदान वीस शिक्षकांच्या तोंडून ऐकली आहे आणि प्रत्येकाच्या मते ती त्याच्याच शाळेत घडली आहे. माझ्या शाळेत घडली नाही, एवढंच मी प्रामाणिकपणे सांगू शकतो.)

तर आता त्या वाक्याकडे येतो.

१९८६ सालची दिवाळी झाली आणि कारखान्यांचा हंगाम सुरू झाला. बीड जिल्ह्यातून, पाथर्डीकडून बैलगाड्या आल्या. भीमेच्या काठानं उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या. दरवर्षी यायच्या, आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. त्या वर्षी त्यातला एक मुलगा हेडमास्तरांकडे आला आणि म्हणाला, मी गावाकडं आठवीत आहे, इथं वर्गात बसू द्या. साखरशाळा वगैरे पुढच्या काळातल्या गोष्टी. हेडमास्तर चांगले होते. हजेरीपटावर नाव न घालता ‘बसू दे रे’ म्हणाले. तो सकाळी वाढं गोळा करायचा, ते विकायचा, मग अकराला शाळेत यायचा. हातावर उसाच्या पात्यांचे चरे असायचे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी त्याला धडा वाचायला उभं केलं. वाचायचा बरा. फक्त ‘ण’ च्या जागी ‘न’. पानी, लोनी, मानूस. धड्यात पाणी सारखं सारखं येत होतं. दोनदा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा ‘पानी’ आलं आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. ‘‘तुमच्या गावाला पाणी नाही हे ऐकलं होतं, ‘ण’ पण नाही होय रे?’’

वर्ग फुटला. दोन मिनिटं हसणं थांबेना. मला स्वतःलाही ते वाक्य फार आवडलं. मधल्या सुट्टीत सहकाऱ्यांना सांगितलं. त्या दिवसापासून पोरांनी माझं नाव ‘बाणाचा ण’ पाडलं, तेही मला आवडलं. शिक्षकाला टोपणनाव असणं म्हणजे एक प्रकारची पदवीच की! बी.ए. नंतर मिळालेली.

तो मुलगा हसला का? मला आठवत नाही. मी बघितलंच नव्हतं.

नंतर महिना-दीड महिना गेला. वर्गात पाणी प्यायला जायचं तर मुलं विचारत, ‘‘सर, पाणी पिऊन येऊ?’’ हा मुलगा म्हणायचा, ‘‘सर, तहान लागली, जाऊ का?’’ माझ्या ते लक्षात आलं नाही. त्याची बोलायची पद्धत असेल असं वाटलं. जानेवारीत मी निबंध दिला, ‘माझे गाव’. रात्री कंदिलाच्या उजेडात वह्या तपासत होतो. त्याची वही हातात आली. लाल पेन घेऊन मी अगदी टपून बसलो होतो, ‘ण’ ची चूक कुठे सापडते ते बघायला. एकही सापडली नाही. म्हटलं, वा! सुधारला. मग पुन्हा वाचलं. चूक नव्हती, कारण ‘ण’ च नव्हता. पानभर निबंधात कुठेही नव्हता.

‘आमच्या गावात नदी आहे. पावसाळ्यात ती वाहते व नंतर वाळू राहते. दिवाळी झाली की आम्ही इकडे येतो व पाडव्याला परत जातो. गावात म्हातारी लोक राहतात.’ असं काहीसं होतं. आणखी होतं, पण एवढं मला आठवतं. नदीवर निबंध आणि त्यात पाणी नाही.

माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षकाला त्या रात्री जे समजलं ते सांगतो. मराठीत ‘ण’ टाळायचा म्हणजे काय काय टाळावं लागतं, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? ‘आणि’ म्हणता येत नाही. त्यानं सगळीकडे ‘व’ घातला होता. ‘पण’ म्हणता येत नाही. ‘म्हणून’ म्हणता येत नाही. ‘कोण’ विचारता येत नाही. ज्या मुलाला ‘पण’ म्हणता येत नाही त्यानं आपली बाजू मांडायची कशी? ज्याला ‘म्हणून’ म्हणता येत नाही त्यानं कारण कसं सांगायचं? मी एका अक्षरावरून विनोद केला आणि त्या पोराची निम्मी भाषा काढून घेतली. आणि विनोद तरी कशावरून? त्याच्या गावाला पाणी नव्हतं म्हणूनच तर तो इथे आमच्या उसात आला होता!

दुसऱ्या दिवशी त्याच्याशी बोलायचं ठरवलं. बोललो नाही. शिक्षकानं विद्यार्थ्याची माफी मागायची असते हे आम्हाला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं, आणि माझं मलाही सुचलं नाही, हे त्याहून वाईट. वहीवर ‘छान’ असा शेरा लिहिला. वर्गात त्याच्याशी जरा गोड बोलू लागलो. तो मान डोलवायचा. मार्च संपत आला, तोड संपली, एक दिवस बाक रिकामा दिसला. नदीकाठी गेलो तर कोप्यांच्या जागी राख आणि पाचट.

झालं एवढंच. कुणी शाळेतून पळून गेलं नाही, कुणी रडलं नाही, कुणाच्या पालकांनी तक्रार केली नाही. अशा गोष्टींची नोंद कुठल्या दप्तरात होत नसते.

माझे एक निवृत्त सहकारी आहेत, रोज संध्याकाळी आम्ही फिरायला जातो. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘‘तुम्ही फार मनाला लावून घेता. आपल्याला आपल्या मास्तरांनी काय कमी बोललंय? आपलं काय बिघडलं? उलट हल्लीची मुलंच नाजूक झालीत.’’ या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या मास्तरांनी आम्हाला दगड, ढ, नंदीबैल सगळं म्हटलं, आणि आम्ही जमलो की त्या आठवणी काढून हसतो. पण जरा विचार करा, हसायला जमतो कोण? जे टिकले ते. जे गळले ते स्नेहमेळाव्याला येत नाहीत. त्यांचा नंबर कुणाकडे नसतो. ‘आपलं काय बिघडलं’ हे वाक्य ज्याचं बिघडलं नाही तोच म्हणू शकतो.

आपल्या वाङ्मयातही हेच झालेलं आहे. शाळेतल्या गमतींनी मराठी वाचकाला किती हसवलं! पु. ल. देशपांड्यांचे चितळे मास्तर ‘व्यक्ती आणि वल्ली’ मधून १९६२ साली आले आणि आजही घरोघर आहेत. द. मा. मिरासदार तर स्वतः मास्तर, पुण्यात आधी शाळेत आणि मग कॉलेजात शिकवलेले. त्यांची ‘शिवाजीचे हस्ताक्षर’ ही कथा मी दर वर्षी शेवटच्या तासाला सांगायचो आणि दर वर्षी मलाच हसू आवरायचं नाही. ही माणसं मोठी. त्यांच्या हसण्यात विष नव्हतं. चितळे मास्तर पोरांना टोमणे मारतात, पण तोच माणूस स्वतःच्या घरी पोरांना फुकट शिकवतो हे आपण विसरतो. आम्ही शिक्षकांनी त्यांच्याकडून टोमणा तेवढा उचलला, बाकीचं उचलायला जड होतं!

ज्यांना शाळेनं बाहेर ठेवलं, त्यांनीही पुढे लिहिलं. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ साली. त्यातली शाळेची पानं वाचून बघा. शाळा तीच, फळा तोच, मास्तर तसेच. फक्त वर्ग हसतो तेव्हा लिहिणारा कुठे बसला आहे, ते बदललेलं आहे. ‘उचल्या’ मी वाचलं तेव्हा तो बाक रिकामा होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. मी पुस्तक मधेच ठेवलं आणि बराच वेळ पुढे वाचलं नाही.

मग वर्गात हसायचंच नाही का? हसायचं! त्यावरही एक आठवण सांगतो.

१९९२ च्या सुमारास मी दौंड शहरात होतो. तिथे रेल्वेची वस्ती मोठी, राज्य राखीव पोलीस दलाचे गट, त्यामुळे वर्गात सगळा भारत. तेलुगू बोलणाऱ्या घरातली एक मुलगी होती. तिचा लिंगविचाराचा पार गोंधळ. ‘माझा आई’, ‘तो खुर्ची’. वर्ग हसला. यावेळी मी लगेच तिच्याकडे बघितलं. ती गोरीमोरी झाली होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, ‘‘सर, फळा तो, खुर्ची ती, मग टेबल ते का? टेबलानं काय केलं?’’

मी गप्प. खरोखरच उत्तर नव्हतं. मी म्हटलं, ‘‘बाई गं, हे मलाही माहीत नाही. हे ठरवलं तेव्हा मी गैरहजर होतो.’’ मागून एक जण ओरडला, ‘‘सर, टेबलाचं अजून लग्न ठरलं नाही!’’ मग जो हशा झाला त्यात सगळ्यात मोठा आवाज तिचा होता. त्या दिवसापासून आमच्या वर्गात एक खेळच सुरू झाला. लाडू तो, करंजी ती, श्रीखंड ते, यांची लिंगं कुणी ठरवली? दिवाळीपर्यंत अख्ख्या वर्गाचा लिंगविचार पक्का झाला, आणि तिचा सगळ्यात आधी.

दोन्ही वेळा चूक भाषेचीच. दोन्ही मुलं बाहेरून आलेली. दोन्ही वेळा वर्ग हसलाच. फरक एवढाच की एकदा आम्ही मराठी भाषेच्या खोडीला हसलो आणि एकदा एका मुलाच्या गावाला. एकदा चुकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता आला आणि शिक्षक निरुत्तर झाला. एकदा शिक्षकाचं वाक्य एवढं चमकदार होतं की त्यावर कुणाला काही बोलायला जागाच उरली नाही. पोरं मास्तरांना हसतात त्यात फारसं बिघडत नाही. मास्तरांकडे खुर्ची असते, पगार असतो, परीक्षेचे गुण असतात. ‘बाणाचा ण’ नाव पडून माझं काय कमी झालं? पण मास्तर जेव्हा एका मुलाला हसतो तेव्हा तो एकटा हसत नाही. पन्नास पोरांना हसायची परवानगी देतो. आणि ती परवानगी तास संपला म्हणून संपत नाही.

शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम कदाचित तुम्हाला ठाऊक असेल. डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ हिंदुस्थान लिव्हरमधली नोकरी सोडून तिथल्या माळावर आले आणि १९८३ साली त्यांनी तो सुरू केला. शाळेतून गळालेली पोरं तिथे हातानं काम करत शिकतात. आम्ही एकदा मुलांची सहल घेऊन गेलो होतो. आम्ही ज्यांना ‘ढ’ म्हणून मोकळे झालो असतो अशी पोरं वेल्डिंग करत होती, विजेची जोडणी करत होती. एकाचा सांधा सुटला. त्यानं तो बघितला, पुन्हा घासला, पुन्हा जोडला. तेव्हा मनात आलं, इथे चूक झाली ते लोखंड सांगतं. लोखंड हसत नाही, टोमणाही मारत नाही, म्हणून पोरगं पुन्हा करून बघतं. आमच्या वर्गात चूक झाली ते आम्ही सांगतो, आणि सांगताना आम्हाला टाळ्याही हव्या असतात.

आता कायदा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. चांगलंच आहे. छडी गेली याचं मला दुःख नाही. पण छडीचा वळ दिसतो, विनोदाचा दिसत नाही, म्हणून कायद्याचा हात तिथवर पोचणं अवघड. आणि मला वाटतं, पोचूही नये. उद्या प्रत्येक विनोदाला साहेबांची परवानगी लागली तर खरवसाचा डबा कोण आणेल? हे काम कायद्याचं नाही, सवयीचं आहे. सवय साधी आहे. वर्ग हसला की हसणाऱ्यांकडे बघून खूश व्हायचं नाही. जो हसत नाही तो कुठे बसला आहे ते शोधायचं. हसणारे एकोणपन्नास दिसतातच. हा एक शोधावा लागतो. आणि बोली, गाव, घर, रंग, उंची, आडनाव यांतलं जे मुलाला सकाळी उठून बदलता येत नाही, त्याच्यावर विनोद करायचा नाही. एवढं सोडलं तरी हसायला जग शिल्लक राहतं. घोड नदी आहे, दौंडचं इंजिन आहे, टेबलाचं लग्न आहे, आणि काहीच नसलं तर आपण स्वतः मास्तर आहोतच की!

हे सगळं आता लिहायचं आणखी एक कारण आहे. हल्ली माझ्या फोनवर रोज काहीतरी येतं. एखाद्या लहान मुलाला शिक्षक प्रश्न विचारतायत, ते चुकीचं उत्तर देतंय, मागून हसण्याचा आवाज, आणि कुणीतरी ते सगळं चित्रित करतंय. उत्तरपत्रिकांचे फोटो येतात, कधीकधी वर नावसुद्धा तसंच असतं. पाठवणारी माणसं चांगली असतात, खाली हसरे चेहरे टाकतात. मीही पूर्वी पुढे पाठवायचो. आता पाठवत नाही. माझा विनोद वाईट होता, पण निदान चार भिंतींत झाला होता. मुलगा गाडीत बसून गावी गेला तेव्हा तो मागे राहिला, अशी माझी भाबडी समजूत आहे. आजच्या मुलाला गावी जाऊन सुटका नाही. विनोद त्याच्या आधी गावात पोचलेला असतो. तरुण शिक्षकांना माझं हात जोडून सांगणं आहे, वर्गात खूप हसा, पण तेव्हा फोन खिशात राहू द्या.

मेळाव्याहून परत येताना गाडीत मी त्या माजी विद्यार्थ्याला विचारलं, ‘‘अरे, तो ‘ण’ चा विनोद मी कुणावर केला होता, आठवतं का तुला?’’

तो बराच वेळ विचार करत होता. न्हावरं आलं तरी बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘नाही सर. विनोद आठवतोय, पोरगं नाही आठवत.’’

मला त्याचं नाव आठवतं. इथे लिहीत नाही. एकदा भर वर्गात त्याची शोभा केली तेवढी पुरे. आज त्याची पन्नाशी उलटली असेल. कुठेतरी असेल, पोराबाळांत असेल. तो ‘आणि’ म्हणत असेल, ‘पण’ म्हणत असेल, एखाद्या भांडणात ठासून ‘म्हणून’ म्हणत असेल, आणि ‘पानी’ म्हणत असेल तर खुशाल ‘पानी’ म्हणत असेल, एवढीच इच्छा आहे.

पुढच्या वर्षी मेळावा पुन्हा आहे म्हणतात. नक्कल पुन्हा होणारच. या वेळी मी हसून सोडून देणार नाही. नक्कल करू देईन आणि मग माईक मागून घेईन, उरलेली गोष्ट सांगायला.

तुमच्याही वर्गात असा एखादा असेल. सगळे हसत होते तेव्हा न हसलेला. जरा आठवून बघा.